सहा महिन्यांची अट : रोममधल्या डिक्टेटर पदाची पार्श्वभूमी

रोमचं प्रजासत्ताक कोणी बुडवलं असं विचारलं की बोट हमखास सीझरकडे जातं. इ.स.पू. ४९ च्या जानेवारीत त्याने फौजेसह इटलीच्या हद्दीवरची रुबिकॉन नदी ओलांडली, पुढे तो तहहयात डिक्टेटर झाला, त्याचा खून झाला आणि दत्तक मुलाने साम्राज्य उभं केलं. ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, म्हणून ती पुन्हा सांगत बसत नाही. या टिपणाचा रोख तिच्याही आधी ३३ वर्षं झालेल्या एका मतदानावर आहे. इ.स.पू. ८२ च्या अखेरीस रोमच्या नागरिकांच्या सभेने एक कायदा मंजूर करून लुसियस कॉर्नेलियस सुल्ला या सेनापतीला डिक्टेटर केलं. डिक्टेटर म्हणजे संकटकाळी जास्तीत जास्त सहा महिन्यांपुरता नेमायचा सर्वाधिकारी. त्या कायद्यात मात्र मुदत लिहिलेली नव्हती. माझ्या मते प्रजासत्ताकाचा कणा तिथे मोडला. सीझरला पुढची वाट आयती मिळाली. हे मत सगळ्यांना पटतं असं नाही. सुल्लाला 'शेवटचा प्रजासत्ताकवादी' म्हणणारे अभ्यासकही आहेत, आणि त्यांच्याकडे मुद्दे नाहीत असं म्हणता येणार नाही.

राजांच्या काळात फार रेंगाळण्यात अर्थ नाही. परंपरेप्रमाणे इ.स.पू. ७५३ मध्ये नगर वसलं आणि ५०९ मध्ये शेवटचा राजा हाकलला गेला. मधल्या २४४ वर्षांत राजे सात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी ३५ वर्षं. शेवटच्या तिघांपैकी दोघांचे खून झाले आणि एकाला पळवून लावलं असं तीच परंपरा सांगते, तेव्हा हा हिशेब जरा जास्तच उदार आहे. हे सगळं लिहून ठेवणारे लेखक त्यानंतर तीनशे ते पाचशे वर्षांनी झाले. तरी राजे मुळात होते याबद्दल शंकेला फारशी जागा नाही. १८९९ मध्ये फोरममधल्या, म्हणजे रोमच्या मुख्य चौकातल्या, काळ्या फरसबंदीखाली सापडलेल्या, इ.स.पू. सहाव्या शतकाच्या सुमाराच्या शिलालेखात 'राजा' हा शब्द जुन्या लॅटिनमध्ये कोरलेला आहे.

पुढच्या हकिकतीसाठी त्या काळातल्या दोनच गोष्टी लागतात. पहिली म्हणजे रोमचं राजपद बापाकडून मुलाकडे जाणारं नव्हतं. राजा गेला की सिनेट या बड्या घराण्यांच्या सल्लागार सभेतला एकेक सदस्य पाच-पाच दिवस 'इंटररेक्स' म्हणून कारभार बघायचा, नवा राजा ठरेपर्यंत. राजे गेले तरी इंटररेक्स राहिला. राजाच्या जागी आलेले दोन्ही प्रमुख, म्हणजे कॉन्सल, मरण पावले किंवा निवडणूक खोळंबली की त्याची नेमणूक होई. नव्या कॉन्सलांची निवडणूक घेणं एवढंच त्याचं काम. दुसरी गोष्ट म्हणजे राजा या शब्दाचा तिटकारा. तो इतका पक्का बसला की पुढच्या साडेचारशे वर्षांत विरोधकाला संपवायचं असेल तर 'याला राजा व्हायचंय' एवढी आवई पुरायची. देवाधर्माची काही कामं मात्र राजाशिवाय होत नव्हती, म्हणून त्यांच्यापुरता 'यज्ञांचा राजा' नावाचा पुरोहित ठेवला आणि त्याने कुठलंही राजकीय पद घ्यायचं नाही असा नियम करून टाकला. ही रोमन खुबी ध्यानात ठेवावी. जुनं काही मोडायचं नाही, आतला गर तेवढा काढून घ्यायचा.

राजाची सत्ता प्रजासत्ताकाने कमी केली असं सर्रास म्हटलं जातं, पण ते तितकंसं बरोबर नाही. सत्ता तेवढीच राहिली, ती दोघांना वाटून दिली आणि वर्षाची मुदत घातली. दोन कॉन्सल, दोघांना सारखेच अधिकार, एकाने ठरवलेलं दुसरा अडवू शकतो. अधिकाराचं चिन्ह म्हणून छड्यांची मोळी घेऊन पुढे चालणारे बारा सेवक असत. पण कॉन्सल दोघं, म्हणून हा मान आळीपाळीने एकेक महिना. नगराच्या हद्दीत त्या मोळीतली कुऱ्हाड काढून ठेवायची, कारण तिथे नागरिकाला जनतेकडे दाद मागता येत असे. प्लेबियन म्हणजे सामान्य वर्गाचा लढा, त्या वर्गाचे प्रतिनिधी असलेले ट्रिब्यून, बारा पाट्यांचा पहिला लेखी कायदा हे सगळं याच चौकटीत पुढच्या दोनशे वर्षांत बसवलं गेलं. ते वाचकांना ठाऊक आहेच.

या चौकटीतली उघड उणीव अशी की शत्रू वेशीवर आल्यावर एकमेकांना अडवू शकणारे दोन प्रमुख परवडत नाहीत. त्यावरचा तोडगा म्हणजे डिक्टेटर. आज आपण हुकूमशहा म्हणतो तो हा नव्हे. हे रीतसर पद होतं आणि त्याला नेमण्याची पद्धतही ठरलेली होती. सिनेटने सुचवायचं, एका कॉन्सलने मध्यरात्रीनंतर, काही अपशकुन होत नाही ना हे बघत, शांततेत नाव उच्चारायचं. पहिला डिक्टेटर इ.स.पू. ५०१ च्या आसपास झाला असं म्हणतात. तो नेमका कोण आणि कोणत्या साली, यावर रोमन लेखकांचंच एकमत नाही. त्याच्यापुढे बाराऐवजी चोवीस सेवक चालत. हाताखाली घोडदळाचा प्रमुख असे, पण खुद्द डिक्टेटरला परवानगी घेतल्याशिवाय घोड्यावर बसता येत नसे. का, याची कारणं प्लुटार्क हा ग्रीक चरित्रकार दोन-तीन देतो. त्यांतलं एक असं की, इतकी सत्ता हातात असलेला माणूस एका बाबतीत तरी लोकांवर अवलंबून असलेला दिसावा.

खरी मेख मुदतीत होती. सहा महिने, त्याहून एक दिवस जास्त नाही. आणि काम आधी संपलं तर आधीच उतरायचं. नांगर सोडून आलेला आणि सोळाव्या दिवशी पद सोडून परत गेलेला सिनसिनॅटस (इ.स.पू. ४५८) शाळेच्या पुस्तकात असतो, त्याच्यावर मी जागा घालवणार नाही. त्याच्यापेक्षा नीरस डिक्टेटर जास्त सांगून जातात. सत्तरहून अधिक वेळा हे पद भरलं गेलं, आणि त्यांतले कितीतरी डिक्टेटर लढाईसाठी नव्हतेच. कॉन्सल दूर रणांगणावर आहेत म्हणून निवडणूक घेण्यापुरता एखादा नेमला जाई. कधी खेळांच्या उत्सवाला प्रमुख हवा म्हणून, तर कधी खिळा ठोकण्यासाठी.

खिळ्याची गोष्ट खरी आहे. इ.स.पू. ३६३ मध्ये रोगाची साथ काही केल्या हटेना. कोणा म्हाताऱ्यांना आठवलं की पूर्वी डिक्टेटरने ज्युपिटरच्या देवळात खिळा ठोकल्यावर साथ ओसरली होती. म्हणून एकाला डिक्टेटर नेमलं. त्याने खिळा ठोकला. पण पद हाती आलंच आहे तर शेजारच्या हर्निकी लोकांवर स्वारी करावी असं त्याच्या मनाने घेतलं आणि त्याने दमदाटी करून सैन्यभरती सुरू केली. सगळे ट्रिब्यून एकजुटीने उठले आणि त्याला राजीनामा द्यावा लागला. म्हणजे मुदतीइतकंच कामाचं बंधनही खरं होतं. खिळ्यासाठी आलेल्याने खिळा ठोकून घरी जायचं.

आणखी एक नमुना इ.स.पू. २१६ चा. कॅनीच्या लढाईत कार्थेजच्या हॅनिबलने रोमन सैन्याची चाळण केली. सिनेटची बाकं रिकामी पडली. एक डिक्टेटर फौज घेऊन बाहेर होताच. तरी सिनेटची भरती करण्यासाठी दुसरा नेमला, मार्कस फेबियस ब्यूटिओ हा जुना सेन्सॉर, म्हणजे सिनेटच्या सदस्यांची यादी ठरवणारा अधिकारी. व्यासपीठावर चढून त्याने आधी काय केलं, तर स्वतःच्या नेमणुकीतल्या चुका मोजल्या. एकाच वेळी दोन डिक्टेटर असणं, घोडदळाच्या प्रमुखाशिवाय डिक्टेटर असणं, सेन्सॉरचा अधिकार एकाच माणसाच्या हाती आणि तोही दुसऱ्यांदा देणं, युद्धासाठी नसलेल्या डिक्टेटरला सहा महिने देणं, यातलं एकही आपल्याला मान्य नाही असं तो म्हणाला. मग एकाही जुन्या सदस्याला न काढता १७७ नव्या सदस्यांची नावं वाचली, तिथल्या तिथे पद सोडलं आणि गर्दीत मिसळून गेला. लोकांनी ओळखलंच आणि घरापर्यंत सोबत केली, असं लिव्ही हा रोमन इतिहासकार लिहितो. लिव्ही सजवून लिहितो हे मान्य. पण आपत्तीच्या काळातही नियमातून किती सूट घेतली याची जाहीर मोजदाद व्हावी, ही अपेक्षा त्या गोष्टीत दिसते, आणि मला तीच महत्त्वाची वाटते.

इ.स.पू. २०२ मध्ये निवडणूक घेण्यासाठी एक डिक्टेटर नेमला गेला. त्यानंतर १२० वर्षं एकही नाही. याचा कायदा झाला नाही, कोणी बंदी घातली नाही. पद नुसतं वापरातून गेलं. कारणं बरीच सांगितली जातात. लढाया आता स्पेन, ग्रीस, आफ्रिकेत होत होत्या, तिथे सहा महिने प्रवासातच जायचे. त्यापेक्षा कॉन्सलचाच अधिकार वर्ष संपल्यावर वाढवून त्याला प्रांतात ठेवणं सोयीचं होतं. शिवाय पैसा आणि गुलाम यांनी गब्बर झालेल्या सिनेटमधल्या घराण्यांना आपल्यापैकी कोणी सहा महिनेही वरचढ व्हायला नको होता. ही दुसरी बाजू मला जास्त पटते.

म्हणूनच इ.स.पू. १३३ मध्ये पंचाईत झाली. टायबेरियस ग्रॅकस या ट्रिब्यूनने सरकारी जमिनीच्या वाटपाचा कायदा रेटला, आडवा येणाऱ्या सहकारी ट्रिब्यूनला मतदानाने पदावरून काढलं आणि लागोपाठ दुसऱ्या वर्षीही निवडणुकीला उभा राहिला. सिनेटमध्ये बळ वापरा असा आग्रह झाला. कॉन्सलने नकार दिला. तेव्हा मुख्य पुरोहित टोगा डोक्यावर ओढून उठला, मागे सिनेटमधली मंडळी निघाली आणि मोडलेल्या बाकांचे पाय हातात घेऊन त्यांनी ट्रिब्यूनला त्याच्या शेकडो साथीदारांसह ठार मारलं. अशा भीतीच्या प्रसंगी ज्या पदाने रोमला पूर्वी वाचवलं ते डिक्टेटर पद कोणाला आठवलंसुद्धा कसं नाही, असं आश्चर्य ॲपियन हा इतिहासकार व्यक्त करतो. आठवलं नसेल असं मला वाटत नाही. पण डिक्टेटर नेमला असता तर त्याला सहा महिन्यांनी जाब देता-घेता आला असता. जमावाला कोण विचारणार?

बारा वर्षांनी, इ.स.पू. १२१ मध्ये, टायबेरियसचा धाकटा भाऊ गायस याच्या वेळी सिनेटने नवीन हत्यार शोधलं. 'राज्याला काही इजा होणार नाही हे कॉन्सलांनी पाहावं' एवढंच ठरावात म्हटलं होतं. अधिकार कोणते ते नाही, मुदत नाही, दाद मागण्याचा हक्क राहतो की जातो तेही नाही. कॉन्सल ओपिमियसने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. प्लुटार्कच्या आकड्याप्रमाणे ३,००० माणसं मारली गेली. गायस ग्रॅकसच्या मस्तकाला त्याच्या वजनाइतकं सोनं जाहीर झालं होतं, तर ते आणून देणाऱ्याने मेंदू काढून आत शिसं ओतलं. पुढच्या वर्षी ओपिमियसवर खटला चालला आणि तो सुटला. त्याने एकोपा देवीचं देऊळ बांधलं. 'दुहीच्या कृत्याने एकोप्याचं देऊळ उभं राहिलं' असं कोणीतरी रात्रीतून त्यावर लिहून गेलं.

या निर्दोष सुटकेने ठरावाला कायद्याचं बळ मिळाल्यासारखं झालं. पण वाद मिटला नाही. इ.स.पू. ६३ मध्ये सत्ता उलथू पाहणाऱ्या कॅटिलिनाच्या कटातल्या पाच जणांना खटल्याशिवाय गळा आवळून मारवणाऱ्या सिसेरो या कॉन्सलला पाच वर्षांनी त्याचपायी देश सोडावा लागला. सिनेट सल्ला देऊ शकते, कायदा करू शकत नाही. मग तिच्या ठरावाने नागरिकाचा हक्क जातो कसा? याचं उत्तर रोमने शेवटपर्यंत दिलं नाही. सोईचं होतं तेव्हा एका बाजूने, नव्हतं तेव्हा दुसऱ्या.

मधल्या काळात सैन्य बदललं होतं. मारियस या सेनापतीने इ.स.पू. १०७ मध्ये जमीन नसलेल्यांना भरतीत घेतलं, आणि निवृत्तीनंतर तुकडा मिळेल की नाही हे सैनिकासाठी सेनापतीवर अवलंबून राहिलं. इ.स.पू. ८८ मध्ये पूर्वेकडची मोहीम सुल्लाकडून काढून मारियसला दिल्यावर सुल्लाने आपली सहा लीजन, म्हणजे सैन्यदळं, खुद्द रोमवर चालवून आणली. एक क्वेस्टर (खजिन्याचा अधिकारी) सोडला तर बाकी सगळे अधिकारी त्याला सोडून गेले. सैनिक मात्र राहिले. सुल्ला पूर्वेला गेल्यावर मारियसच्या पक्षाने नगर घेतलं, सूड उगवला. इ.स.पू. ८३ मध्ये सुल्ला इटलीतल्या ब्रुंडिसियम बंदरात उतरला आणि ८२ च्या १ नोव्हेंबरला कोलाइन वेशीबाहेरची लढाई जिंकून रोमचा धनी झाला.

यानंतरचे काही आठवडे बारकाईने पाहण्यासारखे आहेत. लढाईनंतर त्याने सिनेटची बैठक बेलोना देवीच्या देवळात बोलावली. तो बोलायला उभा राहिला तेव्हाच जवळच्या आवारात गोळा केलेल्या हजारो कैद्यांची कत्तल सुरू झाली. किंकाळ्या देवळात ऐकू येत होत्या. सदस्य दचकून बघू लागले तेव्हा तो शांतपणे म्हणाला की, बाहेरच्या गोष्टीकडे लक्ष देऊ नका, काही गुन्हेगारांना समज दिली जात आहे. मग फोरममध्ये याद्या लागल्या. पहिल्या यादीत ८० नावं, पुढच्या दोन दिवसांत २२०-२२० ची आणखी भर. यादीतल्या माणसाला कोणीही मारावं, बक्षीस दोन टॅलेंट (मोठी रक्कम), मालमत्ता जप्त, मुला-नातवांना राजकीय पद बंद.

हे सगळं करताना सुल्लाकडे कोणता अधिकार होता? तो प्रांताधिकारी होता, आणि नगराच्या हद्दीत शिरताच तो अधिकार संपायला हवा होता. नुसत्या तलवारीवर तो राज्य करू शकला असता. त्याला ते नको होतं. त्याला कागद हवा होता, आणि इथूनच खरा वाद सुरू होतो.

त्या वर्षीचे दोन्ही कॉन्सल मेले होते. डिक्टेटर नेमायला कॉन्सल लागतो. म्हणून सिनेटने जुन्या प्रथेप्रमाणे इंटररेक्स निवडला, लुसियस व्हॅलेरियस फ्लॅकस. अपेक्षा होती की तो कॉन्सलांची निवडणूक घेईल. सुल्लाने नगराबाहेरून त्याला पत्र धाडलं. या घडीला रोमला डिक्टेटर हवा. आणि तो ठरावीक काळापुरता नको, तर नगर, इटली आणि सगळं राज्य पुन्हा घट्ट पायावर उभं राहीपर्यंत हवा. शेवटी त्याने जोडलं की, लोकांना वाटत असेल तर या कामासाठी आपणच उपयोगी पडू. फ्लॅकसने लोकांपुढे कायदा ठेवला, लोकांनी मत दिलं. पदाचं पूर्ण नाव 'कायदे लिहिण्यासाठी आणि राज्याची घडी बसवण्यासाठी डिक्टेटर'. आधी केलेलं सगळं मान्य, पुढे करील तेही मान्य.

हे कायदेशीर होतं म्हणणाऱ्यांची बाजू आधी घेऊ. इंटररेक्स रीतसर निवडलेला होता. रोममध्ये शेवटचा शब्द नागरिकांच्या सभेचा. लोकांनी सर्वांत शेवटी जे ठरवलं तोच कायदा, असं बारा पाट्यांतच होतं. कॉन्सल हाताशी नसताना लोकांनीच डिक्टेटर निवडल्याचं उदाहरणही इ.स.पू. २१७ चं होतं, ट्रेसिमिनी तळ्याकाठच्या पराभवानंतरचं. आणि सुल्लाने पद सोडलं. तो इ.स.पू. ८० मध्ये साधा कॉन्सल होता, ७९ मध्ये चोवीस सेवकांना रजा देऊन खासगी माणूस म्हणून फोरममध्ये हिंडला, ७८ मध्ये अंथरुणात मेला. सत्ता चिकटून धरणाऱ्याची ही लक्षणं नव्हेत.

आता दुसरी बाजू. इंटररेक्सला निवडणुकीपलीकडे काही करण्याचा अधिकार कधीच नव्हता. डिक्टेटरला काम नेमून दिलेलं असायचं, आणि 'राज्याची घडी बसवणं' हे काम कधी पुरं झालं हे ठरवणारा तो स्वतःच. खिळा ठोकून झाला की नाही हे तरी डोळ्यांना दिसायचं! सहा महिन्यांची अट रद्द केली असं कायद्यात कुठे म्हटलंही नसावं; ती नुसती गाळली. आणि याद्या आधी लागल्या, कायदा नंतर आला. म्हणजे खुनांना मागाहून परवानगी. ब्यूटिओने व्यासपीठावरून सूट मोजून दाखवली होती, सुल्लाच्या वेळी मोजायला कोणी उरलं नव्हतं. सिसेरोने पुढे या कायद्याला सगळ्या कायद्यांत अन्याय्य आणि कायद्याशी कसलंही साम्य नसलेला म्हटलं. ॲपियनचा शेरा जास्त बोचरा आहे. लोकांना खरी निवडणूक मिळणार नव्हती, तेव्हा निदान तिचं सोंग मिळालं यावर ते खूश होते.

सुल्लाने पद सोडलं हा बचाव मला लंगडा वाटतो. तो उतरला तो आपल्या मर्जीने. उतरवणारं कोणी नव्हतं. एकदा ही गोष्ट घडली की पुढच्याने उतरायचं की नाही हा त्याच्या स्वभावाचा प्रश्न होतो. सुल्ला राजकारणाची मुळाक्षरं शिकला नव्हता म्हणून त्याने डिक्टेटर पद सोडलं, असं सीझर म्हणाल्याचं सांगतात.

सुल्लाने बसवलेली घडी जेमतेम दहा-बारा वर्षं टिकली, हा यातला उपरोध. सिनेटची संख्या दुप्पट करून ६०० च्या आसपास नेली होती, ट्रिब्यूनचे पंख छाटले होते, पदांचा क्रम आणि वयं घट्ट केली होती. सगळं सिनेटच्या भल्यासाठी. त्याच्याच दोन सरदारांनी, पॉम्पी आणि क्रॅससने, इ.स.पू. ७० मध्ये कॉन्सल होऊन ट्रिब्यूनचे अधिकार परत दिले. यादीतल्या माणसांच्या मुलांवरची बंदी मात्र तेहतीस वर्षं राहिली. सीझरने ती ४९ मध्ये उठवली. आणि राहिला तो पायंडा.

मधल्या पिढीला डिक्टेटर हा शब्दच नको झाला. इ.स.पू. ५२ च्या जानेवारीत क्लोडियस या गुंडगिरीत मुरलेल्या पुढाऱ्याचा खून झाला, जमावाने त्याचं प्रेत सिनेटच्या सभागृहात जाळलं आणि सभागृहही जळालं. कॉन्सल निवडलेच गेले नव्हते. पॉम्पीला डिक्टेटर करा अशी हाकाटी सुरू होती. सिनेटने तोड काढली की पॉम्पी 'एकटा कॉन्सल'. सहकारी नसलेला कॉन्सल म्हणजे पाण्याशिवाय नदी, पण कॅटोसारख्या कट्टर माणसानेही मान डोलावली. काहीच राज्य नसण्यापेक्षा कसलंही राज्य बरं, असं त्याचं म्हणणं. माझ्या मते हे सुल्लाच्या कायद्याचंच फळ. जुनं पद मुदतीसकट वापरता आलं असतं, पण त्या पदाला मुदत असते यावर आता कोणाचा विश्वास उरला नव्हता.

४९ चा पेच याच अविश्वासाचा. सीझरची गॉलमधली (आजच्या फ्रान्सकडच्या प्रांतातली) मुदत नेमकी कधी संपत होती यावर अभ्यासकांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिलेत, तिकडे वळत नाही. एक आकडा तेवढा सांगतो. इ.स.पू. ५० च्या डिसेंबरमध्ये सीझर आणि पॉम्पी दोघांनीही फौजा सोडाव्यात या प्रस्तावाला सिनेटमध्ये ३७० मतं पडली, विरोधात २२. कॉन्सलने 'घ्या, सीझर तुमचा मालक' असं म्हणत बैठक उठवली आणि त्या २२ जणांचंच चाललं. ७ जानेवारीला तोच जुना ठराव, राज्याला इजा होणार नाही हे पाहावं. चार-पाच दिवसांत सीझर नदीच्या अलीकडे.

त्याच वसंतात सिसेरोने मित्राला लिहिलेलं पत्र आपल्या मुद्द्याच्या अगदी जवळ जातं. कॉन्सल इटलीतून पळाले, आता सीझर प्रेटरकरवी, म्हणजे कॉन्सलखालच्या न्यायाधिकाऱ्याकरवी, स्वतःला डिक्टेटर नेमून घेणार की काय, हे नियमात बसत नाही, अशी त्याची चिंता होती. आणि लगेच पुढे तो लिहितो की, सुल्लाला जर इंटररेक्सकडून डिक्टेटर होता आलं, तर याला प्रेटरकडून का होता येणार नाही? झालं तसंच. लेपिडस या प्रेटरने खास कायदा करून घेऊन सीझरला नेमलं. पहिल्या खेपेला सीझरने निवडणुका घेतल्या आणि अकरा दिवसांत पद सोडलं, अगदी जुन्या डिक्टेटरसारखं. ४८ मध्ये पुन्हा, या वेळी सहा महिन्यांऐवजी वर्षासाठी. ४६ मध्ये दहा वर्षांसाठी. ४४ च्या फेब्रुवारीत कायमचा. नाण्यावर त्याचा चेहरा आणि भोवती 'सीझर, तहहयात डिक्टेटर' अशी अक्षरं आली. रोमच्या टांकसाळीत जिवंत रोमन माणसाचा चेहरा नाण्यावर येण्याची ही पहिलीच वेळ. १५ फेब्रुवारीच्या उत्सवात त्याचा साथीदार अँटनी याने पुढे केलेला मुकुट त्याने परत केला. राजा म्हणवून घ्यायचं नाही, एवढं पथ्य पाळलं. महिनाभराने पॉम्पीने बांधलेल्या सभागृहात त्याच्यावर २३ वार झाले.

खुनानंतर काही आठवड्यांतच अँटनीने कायदा करून डिक्टेटर हे पदच कायमचं रद्द केलं. सिनेटने टाळ्या वाजवल्या. दोन वर्षंसुद्धा झाली नाहीत तोच, ४३ च्या २७ नोव्हेंबरला, तोच अँटनी, लेपिडस आणि सीझरचा दत्तक मुलगा ऑक्टेव्हियन यांना पाच वर्षांसाठी तिघांचं मंडळ म्हणून नेमणारा कायदा झाला. पदनाम 'राज्याची घडी बसवण्यासाठी तिघे'. सुल्लाच्या कायद्यातले शब्द उचलून घेतले, डिक्टेटर तेवढा वगळला. मागोमाग याद्याही आल्या, आणि ७ डिसेंबरला सिसेरो मारला गेला.

ऑक्टेव्हियन, पुढचा पहिला सम्राट ऑगस्टस, या सगळ्यांतून शहाणा झाला होता. इ.स.पू. २२ मध्ये धान्याची टंचाई पडली तेव्हा लोकांनीच सिनेटला सभागृहात कोंडून, यालाच डिक्टेटर करा, नाहीतर आग लावू असं बजावलं. त्याने गुडघ्यावर बसून, खांद्यावरचा टोगा ओढून, छाती उघडी करून नको म्हणून विनवलं. आपल्या कर्तृत्वाच्या कोरीव लेखात हा नकार त्याने आवर्जून नोंदवला आहे. धान्यपुरवठ्याची जबाबदारी घेतली. ट्रिब्यूनचा अधिकार त्याच्याकडे आदल्याच वर्षी आला होता, दर वर्षी नव्याने मोजला जाणारा आणि कधीच न संपणारा.

इ.स. ६९-७० च्या हिवाळ्यात नव्या सम्राटाला, व्हेस्पॅसियनला, अधिकार देणारा कायदा झाला. त्याच्या ब्राँझच्या पत्र्याचा शेवटचा भाग आजही रोममध्ये, कॅपिटोलाइन संग्रहालयात आहे. त्यातलं एक कलम सांगतं की, हा कायदा होण्याआधी त्याने जे केलं, ठरवलं किंवा फर्मावलं ते लोकांच्याच आज्ञेने झालं असं धरावं. फ्लॅकसने मांडलेली तरतूद दीडशे वर्षांनी नेहमीच्या मसुद्यात जाऊन बसली होती. त्याखाली शेवटचं कलम आहे. या कायद्यापायी कोणी इतर कुठला कायदा मोडला असेल किंवा पुढे मोडील, तर त्याला दंड नाही आणि त्याच्यावर खटलाही चालवता येणार नाही.